छपरावरचे पॅनेल आणि प्रेसमधला एक टक्का

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पुरवणीत कागद कारखान्यांवर लेख आला होता. पत्र्याच्या छपरावर ओळीनं मांडलेल्या निळ्या सोलर पॅनेलचं मोठं छायाचित्र होतं आणि कागद आता उन्हावर बनणार अशा अर्थाचा मथळा. लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकानं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. अख्ख्या लेखात ‘वाफ’ हा शब्द एकदाही नाही. विहिरीवर लेख लिहावा आणि त्यात पाणी नसावं, तसं झालं हे.

मी कागद वाळवणाऱ्या ड्रायरवर हेल्पर म्हणून लागलो आणि पाळीप्रमुख म्हणून निवृत्त झालो. मधली आठ महिन्यांची रिकव्हरी बॉयलरवरची बदली सोडली तर सगळं आयुष्य कागदाच्या मशीनशेजारी, ड्रायरवर झाकलेल्या गरम हुडच्या सावलीत गेलं. सोलर पॅनेलशी माझं काही वैर नाही. आमच्याही छपरावर बसले होते. त्याची हकिगत पुढे सांगतो, आधी थोडा पाण्याचा हिशेब.

मशीनच्या तोंडाशी असलेल्या हेडबॉक्स नावाच्या पेटीतून वायरच्या जाळीवर जो पातळ लगदा उतरतो, त्यात शंभर किलोमागे तंतू किलोभरही नसतात. ०.८ टक्के धरून चाला. म्हणजे एक टन कागद काढायचा तर शंभर टनांच्या वर पाणी आधी मशीनवर चढवायचं आणि मग उतरवायचं. बहुतेक पाणी जाळीतून खाली गळतं, काही सक्शननं ओढलं जातं आणि तेच फिरून पुन्हा लगद्यात येतं. जाळी संपते तिथं ओल्या कागदात कोरडा माल जेमतेम २० टक्के असतो, तयार कागदात ६ टक्के ओलावा राहतो असं धरलं तर टनामागे पावणेचार टन पाणी अजून अंगावर. मग प्रेसचे रोल तो कागद फेल्टबरोबर, म्हणजे पाणी शोषणाऱ्या जाड कापडी पट्ट्याबरोबर, दाबून पिळतात. प्रेसमधून तो ४२ टक्के ड्रायनेसनं बाहेर पडला, म्हणजे शंभर किलो ओल्या कागदात ४२ किलो कोरडा माल असला, तर टनामागे सुमारे १,२४० किलो पाणी ड्रायरच्या वाट्याला येतं. ते दाबून निघत नाही. वाफेनं तापवलेल्या सिलिंडरांवरून कागद फिरवत फिरवत ते उडवावंच लागतं. धुणं नीट न पिळता दोरीवर टाकलं की काय होतं ते घरातल्या कुणालाही विचारा.

एक किलो पाण्याची वाफ करायला २,२५७ किलोज्यूल लागतात, आमच्या जुन्या भाषेत ५४० किलोकॅलरी. गुणाकार केला की टनामागे पावणेआठशे युनिटच्या आसपास उष्णता येते. ही फक्त पाण्याची. हुडमधून जाणारी गरम हवा, गळके ट्रॅप, उघडे पाइप यांचं खातं वेगळं. रोज ३०० टन काढणारं मशीन धरलं तर दिवसाला २ लाख ३३ हजार युनिट झाले. आता छपरावर चढू. १०,००० चौरस मीटर, म्हणजे अडीच एकर छप्पर घ्या. पूर्ण उन्हात चौरस मीटरला २०० वॅट आणि दिवसभराचं मिळून पूर्ण उन्हाचे पाच तास. हात सैल सोडूनच धरलंय. आले १०,००० युनिट.

आणि प्रेसमधला ड्रायनेस ४२ चा ४३ झाला, फक्त एका टक्क्यानं वाढला, तर टनामागे ५२ किलो पाणी कमी उडवावं लागतं. ३०० टनांवर त्याचे होतात जवळजवळ ९,८०० युनिट. म्हणजे अडीच एकर पॅनेल एकीकडे आणि प्रेसमधला एक टक्का दुसरीकडे, तराजूचा काटा जवळपास मधोमध. विजेचं युनिट आणि उष्णतेचं युनिट एका भावानं तोलू नये, विजेचं मोल जास्त, हे मला कळतं. पण प्रेस रात्रीही चालते आणि पावसाळ्यातही चालते, हेही तुम्ही लक्षात घ्या.

आता आमची हकिगत. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. असं बऱ्याच ठिकाणी घडलेलं असणार. आमच्या छपरावर पॅनेल बसले त्या महिन्यात पाहुणे येणार होते. गेटवर एक इलेक्ट्रॉनिक फलक लावला, आज किती युनिट तयार झाले ते लाल आकड्यांत दाखवणारा. त्याच महिन्यात तिसऱ्या प्रेसचा फेल्ट बदलायला आला होता. फेल्ट नवा असतो तेव्हा पाणी पितो. रोज हजारो वेळा रोलखाली दबून दबून तो चपटतो, त्याच्या पोटात बारीक तंतू आणि भराव बसतो, आणि मग प्रेसमध्ये पिळलेलं पाणी घ्यायला त्याच्यात जागाच उरत नाही. आमचा फेल्ट अठ्ठावन्नाव्या दिवशी हाताला पुठ्ठ्यासारखा लागत होता. पण बदलायचा तर मशीन काही तास बंद ठेवावं लागणार, आणि पाहुण्यांसमोर मशीन बंद कसं दाखवायचं?

कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर सगळं हिरवं. इथंच खरी गंमत आहे. तयार कागद गुंडाळला जातो त्या रीलजवळ स्कॅनर कागदाचा ओलावा अखंड मोजत असतो आणि तो ठरल्या आकड्यावर राहावा म्हणून वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप कमी-जास्त करत असतो. प्रेसनं काम अर्धवट सोडलं, तर ही यंत्रणा तक्रार करत नाही, मुकाट्यानं जास्त वाफ मागते. ओलावा ठरल्याप्रमाणे ६ टक्के, कागद उत्तम, अलार्म एकही नाही. फक्त शेवटच्या ड्रायर गटाचा दाब आठवड्याभरात हळूहळू चढत गेला होता, आणि तो आलेख कुणी उघडून बघितलाच नव्हता.

रात्रपाळीत कागद तुटला. तुटला की ओला कागद प्रेसखालच्या खड्ड्यात पडू लागतो. मी वाकून हातभर तुकडा ओढला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं आणि लॅबमध्ये वजन करून १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये ठेवला. एरवी त्या जागी ४३ मिळायचे. आले ४०.६. मघाच्याच मापानं मोजलं तर ही घट रोज चोवीस हजार युनिटची होते, अडीच एकर छपराच्या जवळजवळ अडीचपट. लॉगबुकात लिहिलं, खाली सही केली. फेल्ट बदलला त्यानंतर अकराव्या दिवशी. नवा फेल्ट बसायला एखादा दिवस घेतो. तो बसला आणि ड्रायरचा दाब जागेवर आला. अकरा दिवस गेटवरचा फलक रोज हसतमुखानं आकडे दाखवत होता. प्रेसच्या नावाचा फलक कुठंच नव्हता.

आधुनिक तंत्रज्ञान नको असं मी म्हणतोय, असा अर्थ कृपया काढू नका. उलट शू प्रेस हे मला माझ्या आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात देखणं यंत्र वाटतं. साध्या प्रेसमध्ये दोन गोल रोल एका अरुंद रेषेवर भिडतात. शू प्रेसमध्ये एका बाजूला रोलच्या आकाराला जुळणारा खोलगट लोखंडी बूट असतो, त्यामुळे कागद क्षणभर जास्त वेळ दाबाखाली राहतो आणि ५० टक्क्यांपर्यंत कोरडा होऊन निघतो. मग ड्रायरला टनामागे १,२४० ऐवजी ८८० किलोच पाणी उरतं. प्रेसच्या आधी कागदावर थोडी वाफ सोडणारा स्टीम बॉक्सही असाच साधा आणि गुणी. पाणी गरम झालं की पातळ होतं आणि सहज पिळलं जातं. कागद १० अंशांनी तापला की साधारण एक टक्का ड्रायनेस मिळतो. वाफ खर्चून वाफ वाचवायची, हे माझ्या वरिष्ठांना पटवायला मला दोन वर्षं लागली.

स्कॅनरचंही तेच. पूर्वी आम्ही कागदाची कड मुठीत चुरगळून आवाजावरून ओलावा ओळखायचो. एखादा ओला पट्टा राहून रील परत येईल या भीतीनं सरसकट ४ टक्क्यांपर्यंत भाजून काढायचो. स्कॅनर आल्यावर रुंदीभर ओलावा सारखा ठेवता आला आणि ६-७ टक्क्यांवर निर्धास्त थांबता आलं. तेवढी वाफ वाचली, आणि कागदाच्या भावानं थोडं पाणी विकलं गेलं हे वर. हे वाक्य छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आता अक्षय ऊर्जेबद्दल. लेखातला कारखाना लगदा स्वतः शिजवतो की रद्दीवर चालतो, हेच लेखात नाही. दोघांच्या चुली वेगळ्या.

लाकडापासून सल्फेट पद्धतीनं लगदा करताना शंभर किलो कोरड्या लाकडातून लगदा पन्नासच्या आतच मिळतो. उरलेलं लिग्निन आणि इतर द्रव्यं शिजवायच्या क्षारात विरघळून काळं पाणी तयार होतं, तेच ब्लॅक लिकर. ते आटवून आटवून काकवीसारखं दाट केलं की रिकव्हरी बॉयलरमध्ये फवारून जाळता येतं. कॅनडात टॉमलिन्सननं १९३०च्या दशकात या बॉयलरला आजचं रूप दिलं. म्हणजे ‘अक्षय ऊर्जा’ हा शब्द वर्तमानपत्रांत यायच्या कितीतरी आधीपासून लगद्याचे कारखाने लाकडाच्याच अर्ध्या भागावर वाफ आणि वीज करत आलेत. त्या आठ महिन्यांत मी बॉयलरच्या तळाशी उभा राहायचो. वितळलेले क्षार नारिंगी धारेनं पन्हाळीतून टाकीत पडतात, साडेआठशे अंशांच्या आसपास, आणि पडताना टाकी आतून ढगासारखी गडगडते. पहिल्या दिवशी मी दोन पावलं मागं सरकलो होतो. शेजारचा जुना ऑपरेटर म्हणाला, “गडगडतंय तोवर भ्यायचं नाही, आवाज बदलला की पळायचं.” त्या टाकीतून निघतो तो ग्रीन लिकर, त्यात चुना घातला की शिजवायचे क्षार परत मिळतात. इंधनही झालं आणि रसायनही हाती आलं.

फिनलंडमध्ये आनेकोस्कीला २०१७ साली सुरू झालेला कारखाना वर्षाला १३ लाख टन लगदा करू शकतो आणि स्वतःच्या गरजेच्या २.४ पट वीज निर्माण करतो. वापरलेला चुना पुन्हा भाजून घ्यायच्या त्याच्या भट्टीत तेल किंवा नैसर्गिक वायू नाही, झाडाच्या सालीपासून केलेला वायू जळतो. ही भट्टीच बऱ्याच कारखान्यांची दुखरी जागा आहे: बाकी सगळं लाकडावर आणि भट्टी मात्र तेलावर. गवताच्या किंवा पेंढ्याच्या लगद्याचं काळं पाणी आणखी हट्टी. त्यातली सिलिका आटवणाऱ्या नळ्यांत दगडासारखी बसते.

रद्दीच्या कारखान्याकडे काळं पाणीच नाही. झाड वाचतं आणि चुलीचं सरपणही जातं. हा विरोधाभास फारसं कुणी सांगत नाही. पण त्यांच्या सांडपाण्यात जुन्या खोक्यांचा स्टार्च भरपूर असतो आणि ते पाणी कोमट असतं, हवेशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंना अगदी मानवेल असं. एक किलो सीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायचं माप, काढला की सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. गॅसमधलं हायड्रोजन सल्फाइड धुऊन काढा आणि बॉयलरला द्या. छायाचित्रात ती हिरव्या रंगाची टाकी काही खास दिसणार नाही, एवढाच तिचा दोष.

आणि पॅनेलच्या, पवनचक्कीच्या विजेची खरी जागा मला वाफेच्याच बाजूला दिसते. कागद तुटला की ड्रायरची वाफेची मागणी एका क्षणात कोसळते. साल किंवा भुसा जाळणारा बॉयलर काही तेवढ्यात मंदावत नाही. मग वाफ आकाशात सोडतात, रात्री लांबवर तो भोंगा ऐकू येतो. त्याच्या जोडीला विजेवरचा बॉयलर असला तर तो मिनिटांत चढतो-उतरतो, आणि वारं-ऊन जास्त असेल त्या वेळची वीज वाफेत घालता येते. हुडमधून बाहेर फेकल्या जाणाऱ्या ओल्या गरम हवेतली उष्णता हीट पंपानं वर चढवून परत वापरायचे प्रयत्नही सुरू आहेत. त्यावर लेख आला तर मी तो तीनदा वाचीन.

एक विनंती आहे. आपला वार्ताहर पुन्हा एखाद्या कागद कारखान्यात गेला, तर छपराचं छायाचित्र जरूर घेऊ द्या, पण खाली उतरल्यावर त्याला प्रेसजवळ थोडा वेळ उभं राहायला सांगा. टनामागे किती वाफ लागते आणि चुन्याच्या भट्टीत काय जळतं, हे त्यानं विचारावं. प्रेसमधून कागद किती टक्क्यांनी निघतो तेही विचारावं, मात्र उत्तर ऑफिसात नाही, लॅबच्या वहीत बघावं. आणि फेल्ट किती दिवसांचा आहे, हे मशीनवरच्या हेल्परला हळूच विचारावं.

आपला,
एक निवृत्त पाळीप्रमुख