दुचाकीवर परतणाऱ्यांनी आधी ब्रेकचा सराव करावा

मा. संपादक, स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या दिवसांत ठाणे आणि नवी मुंबईत नव्या मोटारसायकली मोठ्या संख्येने रस्त्यावर येतात आणि त्यांच्याबरोबर दोन प्रकारचे चालक येतात. एक नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेला, पहिलाच परवाना हाती पडलेला मुलगा किंवा मुलगी. दुसरा चाळिशी-पन्नाशीचा गृहस्थ, ज्याने कॉलेजच्या काळात भरपूर मोटारसायकल चालवली, पुढे संसार, लोकल आणि मोटार यांत ती सुटली, आणि आता घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीला कंटाळून किंवा राहून गेलेली हौस भागवण्यासाठी तो पुन्हा दुचाकीकडे वळला आहे. पहिल्याला चार गोष्टी सांगणारे घरीदारी असतात. दुसऱ्याला कोणी काही सांगायला जात नाही, कारण त्याला सगळे येते असे इतरांनी आणि त्याने स्वतःही गृहीत धरलेले असते. मला काळजी वाटते ती या दुसऱ्याची, आणि म्हणून हे पत्र.

कायदा परवान्याची मुदत पाहतो, हाताचा सराव पाहत नाही. विशी-पंचविशीत काढलेला परवाना पूर्वीच्या नियमानुसार २० वर्षे चालत असे. मुदत संपून एक वर्ष उलटल्यानंतर नूतनीकरणासाठी गेल्यास पुन्हा चाचणी द्यावी लागते, पण त्याआधी गेल्यास लागत नाही. म्हणजे मधली कितीही वर्षे मोटारसायकलच्या हँडलला हात लागलेला नसला, तरी कागदावर तो माणूस तयार चालक असतो. नवख्याला निदान ३० दिवस शिकाऊ परवान्यावर काढावे लागतात आणि त्या काळात परवानाधारक शिकवणाऱ्याखेरीज मागे कोणाला बसवता येत नाही. परतणाऱ्याने हेच बंधन आपणहून स्वतःवर घालून घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पहिला महिनाभर मागे कोणी बसू नये, बायको-मुले तर नकोच, आणि तीन हात नाका किंवा कापूरबावडीच्या संध्याकाळच्या गर्दीत शिरू नये.

मधल्या काळात गाडीही बदलली आहे. जुन्या अनेक मोटारसायकलींचे चारही गिअर एकाच दिशेने, पुढे दाबून पडत असत. आजच्या अनेक गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर असतात. जुन्या सवयीचा पाय घाईच्या क्षणी वर टाकायचा गिअर खाली टाकतो, मागचे चाक एकदम अडते आणि गाडी ढुंगण हलवते. शंभर सीसीच्या गाडीवर तयार झालेला हात जेव्हा तीनशे-साडेतीनशे सीसीच्या जड गाडीवर जातो, तेव्हा तिचा पिकअप जितका अंगावर येतो त्याहून अधिक तिचे वजन येते. बहुतेक जण ती पहिल्यांदा पाडतात ती वेगात नव्हे, तर सोसायटीच्या उतारावर वळवताना किंवा सिग्नलला पाय खडीवर टेकल्यावर. गाडी घेण्यापूर्वी तिच्यावर बसून दोन्ही तळपाय जमिनीला नीट टेकतात का, एवढे तरी पाहावे. रंग आणि आवाज नंतर.

आता मुख्य मुद्दा, ब्रेकचा. आपल्याकडच्या जुन्या चालकांच्या मनात पुढच्या ब्रेकची भीती पक्की बसलेली आहे. ‘पुढचा दाबलास तर उलटा पडशील’ हे वाक्य ऐकत आमची पिढी मोठी झाली आणि त्यामुळे उजवा पाय हाच तिचा ब्रेक झाला. वस्तुतः ब्रेक लागताच गाडीचे आणि माणसाचे वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके होते, आणि म्हणून कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो. केवळ मागच्यावर विसंबणाऱ्याचे हलके झालेले चाक लवकर घसरते आणि गाडी थांबतही नाही. भीतीला कारण होते ते ब्रेक झटक्याने आवळण्याचे. लिव्हर लिंबू पिळावे तशी दाबायची असते: आधी हलकेच, पुढच्या टायरवर वजन बसू द्यायचे आणि मग जोर वाढवत न्यायचा. हे वाचून येत नाही, हाताला शिकवावे लागते. रिकाम्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर ताशी २० किलोमीटरपासून सुरुवात करावी, खडूने एक रेघ मारावी, रेघेवर पुढचे चाक येताच दोन्ही ब्रेक लावावेत आणि गाडी कुठे थांबली ते पाहावे. मग ३०, मग ४०. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर साधारण चौपट होते, हे पुस्तकात वाचलेले अनेकांना आठवत असेल. पण स्वतःच्या रेघेपुढे ते पावलांनी मोजल्यावर माणूस पुढच्या गाडीशी अंतर ठेवू लागतो, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. शिवाय ताशी ६० च्या वेगाला एका सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर पुढे जाते, आणि ब्रेक लावायचा हे मनाला कळून हात हलेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच. म्हणून गर्दीत दोन बोटे कायम ब्रेकच्या लिव्हरवर असावीत.

१२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (जोराने ब्रेक लावला तरी चाक पूर्ण अडू न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे आणि त्याहून लहान गाड्यांना निदान कॉम्बी ब्रेक असतो, ज्यात मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. जोराने ब्रेक लावल्यावर एबीएस सुरू झाले की लिव्हर बोटांखाली थरथरते. ज्याला हे ठाऊक नाही तो काहीतरी बिघडले असे समजून नेमक्या त्या क्षणी लिव्हर सोडून देतो. तेव्हा ही थरथरही मैदानात एकदा अनुभवून ठेवावी. एकाच चाकाला एबीएस असलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, तेव्हा आपल्या गाडीला ते कोणत्या चाकाला आहे हे ताबा घेतानाच विचारावे. आणि वळणावर गाडी कललेली असताना एबीएसवर भिस्त ठेवू नये. वेग वळणाच्या आधीच उतरवावा.

आपल्या शहरांतल्या रस्त्यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. पावसाळा सरताना घोडबंदर रस्त्यावर खड्डे कुठे खडीने, कुठे पेव्हर ब्लॉकने बुजवलेले असतात, आणि मेट्रोच्या खांबांलगत खोदकामावर लोखंडी पत्रे टाकलेले असतात. पत्र्यावर दव, चिखल किंवा पाण्याचा थर असला की टायरला पकड राहत नाही. तिथे पोहोचण्यापूर्वी वेग कमी करावा आणि पत्र्यावर असताना ब्रेक नाही, एक्सलरेटर कमी-जास्त नाही, हँडल वळवणे नाही. गाडी सरळ उभी ठेवून पार व्हावे. काँक्रीट आणि डांबर यांच्या पातळीत जिथे उभी कड तयार झालेली असते तिथे तिला समांतर जाता जाता हळूच चढण्याचा प्रयत्न बहुतेक जण करतात आणि चाक कडेला घासून पडतात. अशी कड वेग उतरवून, शक्य तितकी आडवी ओलांडावी. खड्ड्यांबाबत आणखी एक गोष्ट: जिथे नजर, तिथे गाडी. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यातच जातो. तो दिसला की नजर लगेच त्याच्या शेजारच्या चांगल्या पट्ट्यावर न्यावी. गाडी आपोआप तिकडे वळते.

उरणच्या बंदराकडून गुजरातच्या दिशेने जाणारे कंटेनर ट्रेलर मुंब्रा बायपास आणि घोडबंदर रस्त्याने जातात, आणि दुचाकीस्वाराला सर्वांत मोठा धोका त्यांच्या डाव्या बाजूला असतो. ट्रेलर डावीकडे वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतून, कडेला घासून जातात. तिथे उभ्या असलेल्या दुचाकीला सुटायला जागा राहत नाही. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपण त्याला दिसत नाही हे नक्की समजावे. माजिवडा किंवा गायमुखला कोंडी असताना दोन ट्रेलरच्या मधून गाडी काढण्यात जी मिनिटे वाचतात ती मला कधीच मोलाची वाटलेली नाहीत.

हेल्मेटविषयी पुष्कळ लिहिले जाते, तेव्हा थोडक्यात. ते आयएस ४१५१ या मानकाचे आणि आयएसआय चिन्ह असलेले असावे, पट्टा लावलेला असावा, आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. माळ्यावर पडून असलेले पंधरा वर्षांपूर्वीचे हेल्मेट पुसून वापरू नये. त्याचे आतले अस्तर सैल झालेले असते. हीच गोष्ट पार्किंगमध्ये वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या गाडीची. टायरच्या बाजूला कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, तेही बदलून घ्यावे. त्यानंतरच गाडी दाराबाहेर काढावी. आणि रविवारी लांब जायचा बेत असेल, तर अटल सेतूवर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला परवानगी नाही, एवढे आधी लक्षात घ्यावे.

हा सराव करायचा कुठे, हा प्रश्न मात्र खरा आहे. सोसायट्यांच्या आवारात मुले खेळत असतात, सेवा रस्त्यांवर उलट्या दिशेने वाहने येतात, आणि पहाटे पाम बीच रस्ता मोकळा दिसला तरी तो वेगाने जाणाऱ्या मोटारींचा असतो, शिकण्याचा नव्हे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी परिवहन कार्यालयांशी बोलून, रविवारी सकाळी दोन-तीन तास एखादे वाहनतळ किंवा बंद असलेला औद्योगिक भागातला रस्ता यासाठी उपलब्ध करून द्यावा, अशी माझी मागणी आहे. पन्नास-साठ मीटरचा सरळ कोरडा पट्टा, काही शंकू, चुन्याची एक रेघ आणि वाहतूक पोलिसांपैकी किंवा अनुभवी प्रशिक्षकांपैकी एखादी व्यक्ती, एवढे पुरेसे आहे. वाहन विक्रेत्यांनीही नव्या गाडीचा ताबा देताना हार-पेढ्यांबरोबर ग्राहकाला अर्धा तास अशा ठिकाणी ब्रेकचा सराव करून घेण्याची सोय केल्यास त्यांना फार मोठा खर्च येणार नाही. याबाबत संबंधित अधिकाऱ्यांचे म्हणणे आपल्या वृत्तपत्रातून वाचायला मिळावे, ही विनंती.

— एक दुचाकीस्वार, कोलशेत, ठाणे (पश्चिम)