"इंजिन बसवून आणा, मग बसत नाही ते बघू"

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: टाटामोबाइलसाठी विकलेले 497 इंजिनचे किट परत नेऊन पूर्ण पैसे देण्याबाबत

तुमच्या माणसाने आत्ताच फोन ठेवला. ठेवला म्हणतो, आपटला म्हणत नाही, कारण पत्र सभ्य भाषेत लिहायचं असं ठरवून बसलो आहे.

माल कोणता ते तुम्हाला सांगायला नको. 1996 च्या टाटामोबाइल पिकअपमधलं 1948 सीसीचं 483 इंजिन उतरवून तिथे 2956 सीसीचं मोठं 497 इंजिन चढवायचं किट. रिकंडिशन केलेलं इंजिन, ते जुन्या गिअरबॉक्सला जोडणारी अडॅप्टर प्लेट, फ्लायव्हील, क्लच, माउंटिंग, रेडिएटरचे पाइप. कॅटलॉगात खाली ठळक अक्षरांत छापलंय: "कटिंग नाही, वेल्डिंग नाही, कागदपत्रांची चिंता नाही." पैसे तुम्ही आगाऊ घेतले, पूर्ण घेतले.

हा हौसेचा मामला नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली सुपारी आणि नारळ भरून चोर्ला घाट चढायचा, येताना बेळगावची भाजी आणायची, यावर घर चालतं. भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही आणि मागची बस हॉर्नवरचा हात काढत नाही. चासी ठणठणीत आहे, बॉडी दोन वेळा रंगवून घेतलीय, नव्या पिकअपचा हप्ता झेपणारा नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच पुढे 207 डीआय या पिकअपमध्ये 497 घातलं होतं, तेव्हा माझ्या डोक्यात काही खूळ शिरलं होतं असंही नाही.

क्रेट उघडला. बाहेरून इंजिन रुपेरी, चकचकीत. गॅरेजच्या मेस्तांनी, म्हणजे मेकॅनिकनी, स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर रंगाचा पापुद्रा सुटून आला आणि खाली गंज. इंजिनवरचं टॅपेट कव्हर काढलं तर आत जुन्या ऑइलचा काळा चिखल, बोटाने काढण्याइतका जाड. याला तुम्ही रिकंडिशन म्हणता. आमच्याकडे याला रंगवलेलं म्हणतात.

मग जोडणी. अडॅप्टर प्लेटची वरची दोन भोकं बेल हाउसिंगला, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाला, जुळतात, बाकीची अर्ध्या-अर्ध्या भोकाने सरकलेली, प्लेट नेमक्या जागी धरणाऱ्या डोवेल पिनला तर जागाच नाही. क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढत नाही, दाते वेगळे. संप, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, चासीच्या पुढच्या आडव्या क्रॉस मेंबरवर टेकतो. मेस्तांनी प्लेट उलटी लावून बघितली, सुलटी लावून बघितली, खाली ठेवली आणि म्हणाले, "हें बसचें ना." तुमच्या तांत्रिक विभागाला जे अजून लिहून देता आलेलं नाही, ते त्यांनी तीन शब्दांत सांगितलं.

आता फोनचं ऐका. रेकॉर्डिंग तुमच्याकडे असणारच, "गुणवत्तेसाठी" करता ना.

आधी नाव, नंबर, तक्रार क्रमांक, गाडी कोणती, गाव कुठलं, सगळं पहिल्यापासून. मग विचारलं, इंजिन स्टार्ट होतंय का? म्हटलं, इंजिन गॅरेजच्या जमिनीवर आहे. बरं, स्टार्ट करताना धूर काळा येतो की पांढरा? म्हटलं, जमिनीवर आहे. मग थंड इंजिन सुरू करताना तापवणारे हीटर प्लग तपासून घ्या म्हणाले. डायरेक्ट इंजेक्शनच्या 497 ला हीटर प्लग! प्लग होते ते माझ्या जुन्या 483 ला. हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, गॅरेजमधल्या पोराला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त तुम्ही गिऱ्हाइकांची उत्तरं द्यायला बसवलेल्या माणसाला.

मग वरचे साहेब आले. म्हणाले, किट बसत नाही हे आमच्या इंजिनीअरने बघितल्याशिवाय तक्रार पुढे जात नाही, गाडी पुण्याच्या सेंटरला घेऊन या.
म्हटलं, गाडीत इंजिन नाही.
"मग बसवून आणा."
"बसत नाही म्हणून तर फोन केला."
"सर, न बसवता आम्हाला कसं कळणार बसत नाही ते?"

मी क्षणभर गप्प राहिलो. लाइन तुटली असं वाटून ते हॅलो हॅलो करू लागले. मी विचारलं, पिकअप दुसऱ्या ट्रकवर घालून आणतो, भाडं देता का? ते पॉलिसीत नाही. तुमचा इंजिनीअर इकडे पाठवता का? तेही पॉलिसीत नाही. फोटो पाठवले होते ते बघितले का? फोटोवरून काही सांगता येत नाही. मग फोटो मागितले कशाला होते? यावर उत्तर आलं ते असं: "सर, बजट किट है, थोडा अ‍ॅडजस्ट करना पडता है। और आप तो गोवा में हो, जल्दी क्या है?" आणि हसले. मागे आणखी कोणी तरी हसलं.

गोव्यात आहे, म्हणून घाई नाही. तुमच्या साहेबांनी बघितलेला गोवा कळंगुटच्या वाळूवर आडवा पडलेला असेल. आमच्या गोव्यात माणसं पहाटे चार वाजता गाडी भरतात. चवथीला गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीचा बाजार माझ्या हातचा गेला. त्या आठवड्याच्या भाड्यावर पुढचे दोन महिने निघतात. माझी गाडी बोनेट उघडं ठेवून गॅरेजात उभी होती आणि दुसऱ्याची गाडी माझ्या गिऱ्हाइकांचा माल घेऊन गेली. जल्दी क्या है!

त्या "बजट"बद्दलही बोलतो. ज्याच्याकडे पैसा मोकळा आहे तो भंगारातून एक इंजिन उचलतो, नाही जुळलं तर दुसरं आणतो, प्लेट लेथवर करून घेतो. मला ते परवडत नाही, म्हणून तर जुळवलेलं किट घेतलं. किटचे पैसे हे जुळण्याचेच पैसे असतात. नुसतं लोखंड मला बेळगावात निम्म्या भावात मिळत होतं. आणि अडॅप्टर प्लेट अडॅप्ट होत नसेल, दहापैकी दोन भोकं जुळत असतील, तर त्या वस्तूला तुम्ही कारखान्यात काय म्हणता ते मला कळवा.

कागदपत्रांची चिंता नाही म्हणालात ना? बिलावर लिहिलंय: "यूज्ड स्पेअर पार्ट्स, 1 नग." इंजिन नंबर नाही. कोणत्या गाडीतून उतरवलं, ती गाडी मोडीत काढली की नाही, काही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, इंजिन नंबर असतो, सीसी असते. उद्या घाटात काही झालं तर विमा कंपनी आधी तोच नंबर ताडून बघणार. वाहतूक कार्यालयात बिल दाखवलं तर तिथल्या बाईंनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि विचारलं, यात इंजिन कुठे आहे? मी काय सांगणार? हेच तुमच्या माणसाला सांगितलं तर म्हणतो, "बोनेट उघडून कोण बघतंय?" हे वाक्य कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी द्या. गॅरेजात फ्रेम करून लावतो.

वाईट याचं वाटतं की तुमचा माल मी आज पहिल्यांदा घेत नाही. जुन्या 483 चे नोझल तुमचे, पंपाचं किट तुमचं. डबीवर जे लिहिलेलं असायचं तेच आत निघायचं. आमच्या साखळी गावातल्या निम्म्या पिकअपवाल्यांना तुमचं नाव मीच सांगितलं. आता तेच लोक गॅरेजात येऊन क्रेट बघून जातात. मला काही बोलावं लागत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. क्रेट तुमच्या खर्चाने उचला आणि पूर्ण रक्कम खात्यात जमा करा. जुनं 483 मेस्त परत चढवत आहेत, त्याची मजुरी आणि किट आणण्याचं भाडं वेगळं द्या. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस देतो. बिलाच्या पायथ्याशी "वाद फक्त पुणे न्यायक्षेत्रात" असं छापलंय त्यावर विसंबू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. "गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही" हेही सांगू नका. स्वतः राबून पोट भरणाऱ्याला त्या कायद्याने ग्राहकच धरलं आहे. वकिलाला विचारून लिहितोय.

बिलाची प्रत, प्लेटचे फोटो आणि मेस्तांचं लेखी निवेदन स्पीड पोस्टाने सोबत पाठवलं आहे. यापुढे फोन करू नका. जे सांगायचं ते लेखी सांगा, आणि त्यात इंजिन नंबर लिहा.

तक्रारदार ग्राहक,
साखळी, गोवा