गळती दिसते दिवाळीत, सुरू होते पोळ्याच्या आधी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निकाल लागले की ग्रामीण महाविद्यालयांच्या गुणवत्तेची चर्चा दरवर्षी सुरू होते. प्राचार्य बोलतात, प्राध्यापक बोलतात, संस्थाचालक तर माइक दिसला की बोलतातच. खिडकीच्या आत बसणाऱ्या बाबूला कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कला-वाणिज्य महाविद्यालयात मी एकतीस वर्षं लिपिक होतो. प्रवेश अर्ज, बोनाफाइड, परीक्षा फॉर्म, टीसी हे माझं टेबल. मुलगा येतो तेव्हा त्याचा पहिला कागद माझ्या हातात पडतो आणि जातो तेव्हाचा शेवटचाही.

मला सांगायचं एवढंच आहे की आमची मुलं नापास व्हायच्या आधी नाहीशी होतात.

जुलैत प्रवेश होतात, वर्ग भरतो. पहिल्या सत्राच्या परीक्षा फॉर्मची तारीख येते ती बहुधा सोयाबीन घरात यायच्या आधी, म्हणजे घरात पैसा नसतो तेव्हाच. एका वर्षी बी. ए. भाग एकचे एकोणीस फॉर्म न भरलेले माझ्याकडे राहिले. विलंब शुल्काची तारीखही गेली. मी यादी घेऊन वर गेलो तर उत्तर मिळालं, "कापूस वेचायला गेली असतील, येतील." आली नाहीत. पुढच्या जूनमध्ये त्यातले चारजण टीसी मागायला आले, बाकीच्यांना टीसीचीही गरज पडली नाही.

हजेरी घेतली जात नाही असं नाही. घेतली जाते आणि हजेरीबुक कपाटात जातं. पंचाहत्तर टक्क्यांची अट आठवते ती कोणाला परीक्षेला बसू द्यायचं नाही हे ठरवताना. तेच बुक ऑगस्टच्या मध्यावर उघडून, पंधरा दिवस कोण दिसलं नाही एवढं पाहिलं आणि त्या घरी एक फोन केला, तर निम्मं काम होतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

त्या एकोणीसच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तालुक्याच्या टोकावरच्या खेड्यातली एक मुलगी बोनाफाइड न्यायला आली. भूगोल घेतलेली, बारावीला चांगले गुण. मी सहज विचारलं, "काहून वं, दिसत नाहीस?" म्हणाली, "काका, प्रॅक्टिकल अडीच वाजता लागते. साडेतीनची गाडी गेली तं मंग मुक्कामी गाडीच. बाबा म्हनते अंधाराचं येऊ नको, त्यापरीस घरीच राय." प्रॅक्टिकल चुकतात म्हणून ती सकाळच्या तासांनाही यायची बंद झाली होती. आठवड्यात दोन दिवस अर्धवट येऊन करायचं काय, असा तिचा हिशोब.

त्या दिवशी मी आमचं वेळापत्रक आणि एसटी स्टँडवरच्या फलकावरून उतरवून आणलेल्या वेळा एका कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या. चार गाड्या. त्यांतल्या तीन मार्गांवरची मुलं दुपारच्या तासाला बसूच शकत नव्हती. इतकी वर्षं हे दोन कागद कोणी एकत्र पाहिले नव्हते, मीसुद्धा नाही. भूगोलाचे सर समजूतदार होते, त्यांनी प्रॅक्टिकल सकाळी घेतलं. सोंगणीत ती मुलगी तीन आठवडे गेलीच, ते कोणाच्या हातात नव्हतं. पण परत आली, कारण सरांनी निरोप धाडला होता की राहिलेली प्रॅक्टिकल शनिवारी घेतो. पहिल्या सत्रात एक विषय राहिला, तो तिने उन्हाळी परीक्षेत काढला.

सगळेच सर असे का नाहीत, असं कोणी म्हणेल. पूर्णवेळ जागा रिकाम्या पडल्यात. तासिका तत्त्वावरचा माणूस तासाच्या हिशोबावर राबतो. त्याची नेमणूक कधी कधी गणपती उठल्यावर होते, आणि दुसऱ्या कॉलेजचा तास गाठायला तो मोटरसायकलला किक मारूनच वर्गाबाहेर पडतो. त्याला गुणवत्तेबद्दल बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१३ साली कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. स्थानिक गरज ओळखून हाताला काम मिळेल असं शिक्षण, असा तिचा अर्थ मला समजला. पाटी नसली तरी तालुक्याचं प्रत्येक कॉलेज तेच आहे. आमच्याकडे येणारा मुलगा दहा कॉलेजं पाहून येत नाही. त्याच्या गाडीच्या टप्प्यात हे एकच असतं. आता २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, अशी सोय आहे. कल्पना चांगली. पण त्या प्रमाणपत्रालाही दोन्ही सत्रांची क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर खात्यात जमा होणारे श्रेयांक, लागतात. जिचं पहिलंच सत्र कापसाच्या ओटीत गेलं, तिच्या क्रेडिट बँकेत जमा काय होणार? किलोमागे मिळणारी वेचाई संध्याकाळी काटा झाला की कळते, आमचं क्रेडिट कधी कामाला येईल ते आम्हालाच सांगता येत नाही. तिच्या आईने कशाची निवड करावी?

शिकण्याच्या दर्जाचंही जे पाहिलं ते सांगतो. टीसीच्या अर्जाचा एक नमुना मी खिडकीच्या काचेवर चिकटवला होता. नमुन्यात नाव म्हणून मी स्वतःचंच लिहिलेलं. बी. ए. भाग तीनच्या एका मुलाने अर्ज आणून दिला, अक्षर सुरेख, खाली सही माझ्या नावाची! मी हसलो, तोही हसला, मग दोघंही गप्प झालो. तीन वर्षं नोट्स उतरवून घ्यायच्या, परीक्षेआधी अपेक्षित प्रश्नसंच घ्यायचा, तोही उतरवून काढायचा. मग समोर दिसेल ते उतरवणारच ना पोरगा. मी तो नमुना काढून टाकला. त्यानंतर अर्ज लिहायला मुलांना समोरच्या बाकावर बसवायचो आणि लिहून झाला की मोठ्याने वाचायला लावायचो. "का पाहिजे टीसी, ते तुझ्या शब्दांत सांग. तेच लिही." रांग लांबायची, साहेब चिडायचे. पण तिसऱ्या वाक्याला मुलं स्वतःच अडखळायची आणि खोडून नीट लिहायची. वर्गात हेच का होऊ नये? वीस ओळींचं लिखाण दर पंधरवड्याला, चुका लाल करून आठवड्यात परत. अंतर्गत गुणांसाठी शेवटच्या दिवशी गठ्ठ्याने घेतलेल्या असाइनमेंटपेक्षा ते बरं. त्या असाइनमेंट मी गोण्यांत भरून माळ्यावर टाकल्या आहेत. बऱ्याचशा गठ्ठ्यांची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती.

नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, समिती यायची म्हटलं की आमच्याकडे फाटक रंगायचं, कुंड्या यायच्या, फायलींना नवी लेबलं लागायची. मीही रात्री दोन-दोनपर्यंत बसून ती चिकटवली आहेत. समितीने माझ्याकडे येऊन प्रवेशाचं रजिस्टर आणि परीक्षा फॉर्मची यादी शेजारी ठेवून मागितली असती तर चहा थंड व्हायच्या आत सगळं कळलं असतं. उगाच कुंड्यांना पाणी घालत बसलो.

माझ्या तालुक्यातल्या प्राचार्यांना विनंती आहे. यंदाचं वेळापत्रक लावण्याआधी एक माणूस एसटी स्टँडवर पाठवा. पोळ्याच्या आत गैरहजर मुलांची यादी काढा. परीक्षा फॉर्मचे पैसे सोयाबीन विकेपर्यंत उधार ठेवता येतील असा काही निधी संस्थेने काढावा. गावातले दोन-चार व्यापारी विचारलं तर नाही म्हणणार नाहीत. फोन करायला माणूस नसेल तर मी येतो. वर्गणी, मानधन काही नको, एक खुर्ची आणि यादी द्या. अडीच वाजेपर्यंत बसेन. साडेतीनच्या गाडीने मलाही गावाला जावं लागतं.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ