व्यापाऱ्याची प्रवासपत्रे मराठीत यावीत

महोदय,
बॉस्टनचा व्यापारी जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन १८५३ मध्ये मेलबर्नला पोहोचला, तेव्हा तिथे सोन्यासाठी माणसांची झुंबड उडाली होती आणि तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता! पुढे जावा, सिंगापूर, चीन, बंगाल, इजिप्त असे फिरताना त्याने लिहिलेली पत्रे १८५७ साली पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी इकडे उठाव पेटला. त्याच्या तोंडावर एका परक्या, तेही इंग्रज नसलेल्या व्यापाऱ्याला बंगाल कसा दिसला, हे मला फार मोलाचे वाटते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणी आपण पुष्कळ वाचल्या. ही पत्रेही कुणीतरी मराठीत आणावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे