तात्या, तो पितळी जेट जागेवर आहे

तीर्थस्वरूप तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा रविवारी मोसमातली तिसरी शर्यत आटोपून गाडी घरी आणली, रात्रभर थंड होऊ दिली आणि सोमवारी सकाळी चहाच्याही आधी टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोललं. व्हॉल्व्ह दाबणारे आठही रॉकर तेलाने ओलेचिंब. शेवटच्या दोन रॉकरखालचा कॅम, म्हणजे रॉकर हलवणारा दांडा, पुसला, बॅटरी मारून पाहिला, नखाने चाचपला. नख कुठेच अडकलं नाही. तिथेच स्टुलावर बसलो आणि ठरवलं की तात्यांना पत्र लिहायचं ते आजच.

समोर आलो की तुम्ही आभाराचा विषय निघू देत नाही. "चहा घे" म्हणता, नाहीतर पान्ह्यांचा डबा आवरायला लावता. म्हणून लिहून पाठवतोय, आणि कोणालाही वाचता येईल असं उघड लिहितोय. तुम्हाला तुमची नात वाचून दाखवीलच. पण साताऱ्यात, कराडात, तिकडे सांगलीकडे मारुतीची जिप्सी घेऊन मातीतल्या शर्यतीत उतरणारी कितीतरी पोरं आहेत. मला जे सांगितलं गेलं तेच आज त्यांनाही कोणीतरी सांगत असेल: "रेसचं इंजिन आहे, वर तेल जास्त सोडायला पाहिजे."

ते वाक्य मी ऐकलं तेव्हा मला खरंच वाटलं. दोन वर्षांपूर्वी इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक यायला लागली होती. टॅपेट सेट करायचो, एक शर्यत झाली की पुन्हा ढिले. उघडून पाहिलं तर शेवटचे दोन रॉकर आणि त्यांच्याखालचा कॅम खरवडल्यासारखा. गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. त्यांनी निदान केलं की वर तेल पोचत नाही, आणि उपाय म्हणून ब्लॉकमधून हेडकडे जाणाऱ्या वाटेवरचा कंपनीचा जेट, म्हणजे तेल मोजून सोडणारं बारीक भोकाचं बूच, उपटून टाकला आणि ती वाट हातातल्या ड्रिलने साडेसहा मिलिमीटरची केली. टकटक थांबली. मी पेढे वाटले.

पुढच्याच शर्यतीत लांबलचक डाव्या वळणावर तेलाचा लाल दिवा लुकलुकला. ॲक्सिलरेटर सोडला की मागे निळा धूर. साडेसहा हजार आरपीएमला तेलाचं प्रेशर दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोवर आलेलं. चेंबर, म्हणजे खालची तेलाची टाकी, उतरवला तेव्हा बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या, बेअरिंगच्या शेलवरचा करडा थर जाऊन तांबं दिसत होतं. तात्या, ते इंजिन करायला मी माझी मोटरसायकल विकली होती. त्या रात्री मी घरात कोणाशी बोललो नाही.

पोवई नाक्याजवळच्या एका स्पेअरच्या दुकानात शेल मागायला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या दादांनी शेल हातात घेऊन बघितले आणि म्हणाले, "शेल देतो, पण आधी ब्लॉक तात्यांना दाखवा." जुलैचा पाऊस. कोडोलीकडच्या तुमच्या शेडच्या पत्र्यावर असा कोसळत होता की तुमचं बोलणं ऐकायला मला जवळ सरकावं लागत होतं. तुम्ही तासभर लेथकडे वळला नाहीत, ड्रिलला हात लावला नाहीत. फक्त विचारलंत, "त्याल वर जात न्हवतं, हे कुणी बघितलं?"

कोणीच बघितलं नव्हतं. तुमच्या आधी हा प्रश्न मला कोणी विचारलाही नव्हता.

मग तुम्ही क्लचच्या जुन्या केबलची एक तार सोडवलीत आणि रॉकर शाफ्टच्या पोकळीत सारली. चार बोटं गेली आणि थांबली. शाफ्ट रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवलात. दुसऱ्या दिवशी त्याच तारेने आतून जे बाहेर काढलंत ते डांबरासारखं काळं, चिकट आणि कडेला वाळून खडा झालेलं. तुम्ही ते वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पसरलंत आणि काही न बोलता माझ्यासमोर सरकवलंत. तेल बदलायच्या तारखा मी पुढे ढकलत आलो होतो, त्याचा तो हिशोब होता. कंपनीचा जेट निर्दोष होता. वाट पुढे शाफ्टात तुंबली होती, आणि आम्ही मागचा दरवाजा फोडून बसलो होतो.

हे बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी नीट सांगतो. जिप्सीचं हे १२९८ सीसीचं इंजिन, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, कॅम वर हेडमध्ये. क्रँकच्या पुढच्या टोकावरचा पंप फिल्टरमधून तेल ढकलतो आणि ब्लॉकमध्ये त्याच्या दोन वाटा होतात. एक क्रँकच्या मेन बेअरिंगांकडे, तिथून क्रँकमधल्या भोकांतून बिग एंडच्या शेलपर्यंत. दुसरी सरळ वर, हेडमध्ये, पोकळ रॉकर शाफ्टात, आणि शाफ्टच्या बारीक भोकांतून रॉकर, कॅम आणि व्हॉल्व्हवर. पंप एकच. वरच्या वाटेचं तोंड मोठं केलं की खालच्या बेअरिंगांच्या वाट्याचं तेल वर जातं. वर रॉकरला तेल लागतं ते थोडं, पण अखंड. खाली शेलला लागतं ते दाबाने. जेट बसवलेला असतो तो ही वाटणी राखायला.

तुम्ही हे फरशीवर खडूने दोन वर्तुळं काढून समजावलंत. "भोक दुप्पट केलंस की त्याल चौपट जातं. तुझ्या त्या मानसानं किती केलंय, कर हिशोब." तुम्ही नंतर बसवलेल्या दीड मिलिमीटरच्या जेटच्या मानाने साडेसहाचं तोंड जवळजवळ एकोणीस पट मोठं होतं. मी बारावीला गणितात चांगले मार्क घेतले होते तात्या, पण वर्तुळाचं क्षेत्रफळ मला कळलं ते त्या फरशीवर.

तुमचं काम मी आठ दिवस शेजारी उभा राहून बघितलं. ब्लॉक ड्रिलिंग मशीनवर बांधला, डायल फिरवून वरचा फेस सपाट लागला आहे याची खात्री केलीत, मग आधीच्या तिरप्या भोकात ६.८ चं ड्रिल सरळ उतरवलंत आणि आठ मिलिमीटरचा आटा पाडायला घेतलात. तीन टॅप एकामागून एक. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मध्ये रॉकेलचे दोन थेंब. तुमच्या हाताला आता थोडा कंप आहे. चहाचा कप धरताना दिसतो. टॅपचा दांडा धरल्यावर तो कुठे जातो मला माहीत नाही. ॲल्युमिनियमचा कीस टॅपच्या खाचेत भरू लागला की तुम्हाला ते हातालाच समजायचं. बाहेर काढायचात, पुसायचात, पुन्हा. मी घाई केली असती तर तो आटा उपटला असता आणि ब्लॉक भंगारात गेला असता.

जेट तुम्ही पितळी रॉडमधून वळलेत. एक नाही, तीन. एकाला १.२ चं भोक, एकाला १.५, एकाला १.८. डोक्याला स्क्रू ड्रायव्हरची खाच, आणि बसल्यावर फेसच्या अर्धा मिलिमीटर खाली राहील अशी लांबी, म्हणजे गॅस्केटला त्रास नको.

आणि मग परतीची वाट. याचा विचार मी कधी केलाच नव्हता. तुमचे शब्द जसेच्या तसे आठवतात: "वर चढवलंस ते खाली कुठनं येनार?" वर गेलेलं तेल हेडच्या आणि ब्लॉकच्या भोकांतून नुसत्या वजनाने खाली चेंबरमध्ये उतरतं. त्याला ढकलायला पंप नसतो. उलट पिस्टनच्या कडेने निसटलेला गॅस त्याच वाटांनी वर यायला बघतो. जोरात चालणाऱ्या इंजिनात तेल वर साचलं तर ते व्हॉल्व्हच्या गाइडमधून जळायला लागतं, हाच माझा निळा धूर. आणि खाली चेंबरमध्ये तेल कमी पडलं की वळणावर ते एका बाजूला जातं आणि पंपाची जाळी उघडी पडते. हाच माझा लाल दिवा.

तुम्ही हेड नुसतंच गॅस्केटसकट ब्लॉकवर ठेवलंत आणि मला म्हणालात, "खालनं बॅटरी धर." मी वाकून बॅटरी धरली. तुम्ही वरून एकेका परतीच्या भोकात डोकावलात, मग मला वर बोलावून दाखवलंत. पूर्ण गोल उजेड दिसायला हवा होता. मागच्या भोकात दिसत होती नुसती चंद्रकोर. निम्मं भोक गॅस्केटने झाकलेलं आणि ब्लॉकच्या बाजूला ओतकामाची एक पातळ पापडी कारखान्यापासून तशीच राहिलेली. ती पापडी तुम्ही गोल कानशीने काढलीत, भोकांच्या कडा मोडल्यात, आत पॉलिश पेपर फिरवलात, गॅस्केट मापाने कापलंत. त्याआधी आणि त्यानंतर हेडमध्ये पाव लिटर तेल ओतून मनगटावरच्या घड्याळाने वेळ धरली होती. आधी अठ्ठेचाळीस सेकंद. नंतर एकोणतीस. त्या एकोणीस सेकंदांसाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे.

धुण्याला तुम्ही जेवढा वेळ दिलात तेवढा ड्रिलिंगलाही दिला नव्हता. गॅलरीची बुचं काढून, बाटल्या धुवायचे ब्रश आतून फिरवून, रॉकेल, मग साबणाचं गरम पाणी, मग हवा. तीनदा. शेवटी जुन्या धोतराचा पांढरा तुकडा तारेला बांधून आतून ओढलात आणि दाराशी उजेडात नेऊन बघितलात. दुसऱ्यांदा त्यावर एक चमकता कण होता, मोहरीच्या दाण्याहून बारीक. मी म्हटलं, तात्या, एवढ्याने काय होतंय. तुम्ही फक्त उतरवलेला शेल माझ्या हातात ठेवलात. तिसऱ्यांदा कापड स्वच्छ आलं तेव्हाच पुढचं काम सुरू केलंत.

तीनपैकी कोणता जेट, हे ठरवायला तुम्ही जे केलंत ते मी अजून सगळ्यांना सांगतो. फवारणीचा हातपंप. इंजिन जुळवल्यावर तेलाचा डबा गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवून कोमट केलात, पंपात भरलात, नळी ऑइल स्विचच्या जागी जोडून शेजारी गेज लावलात आणि मला दांडा मारायला लावलात. १.२ घातला तेव्हा शेवटचे रॉकर नुसते दमट. १.८ घातला तेव्हा दांडा मारून हात भरून आले तरी दाब दोन किलोच्या वर टिकेना. १.५ ला काटा तीनवर स्थिर, आणि एकामागून एक, अगदी ओळीने, आठही रॉकरच्या टोकाशी तेल उमललं. तुम्ही वाकून बघत होतात. पाऊस थांबला होता. "ह्यो," एवढंच म्हणालात.

आता गरम इंजिनाला साडेसहा हजारावर चार किलो प्रेशर असतं आणि डाव्या वळणावरही काटा हलत नाही. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय असा जो जुना अंदाज रेसवाले सांगतात, त्या हिशोबाने पासष्ट हवेत; चार किलो म्हणजे साधारण सत्तावन्न, थोडेच कमी. धूर गेला. या मोसमात तिन्ही शर्यती पूर्ण केल्या, शेवटच्या शर्यतीत आमच्या गटात चौथा आलो. पहिला आलो असतो तरी आज लिहिलं असतं ते हेच.

माझं गाव मला पेढ्यांसाठी, कासच्या फुलांसाठी, अजिंक्यताऱ्यासाठी माहीत होतं. याच गावात स्वातंत्र्याच्या आधीपासून कूपरांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं घडत होती, आणि पलीकडे सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० साली लोखंडी नांगरांवर उभी राहिली, हे शाळेत वाचलं होतं. वाचून सोडून दिलं होतं. लेथवरच्या त्या पांढऱ्या बल्बखाली तुम्हाला बघताना पहिल्यांदा जाणवलं की ती विद्या अजून इथेच आहे, पत्र्याच्या शेडमध्ये, मागायला येईल त्याला मिळते.

पैशांचं बोलायला गेलो तर तुम्ही पितळेच्या रॉडचे आणि तीन टॅपपैकी एक बोथट झाला त्याचे तेवढे घेतलेत. आठ दिवसांच्या मजुरीचं काय विचारलं तर म्हणालात, "त्याल येळंवर बदल." तात्या, दर शर्यतीनंतर बदलतोय. तारीख चेंबरच्या बाजूला रंगाने लिहून ठेवतो.

ज्या पोरांना कोणी "वर तेल जास्त सोड" असं सांगितलंय, त्यांना एक कळकळीची विनंती. ड्रिल लावायच्या आधी शाफ्टात एक तार घालून बघा. हेड ठेवून खालून बॅटरी मारून बघा. तरी नाहीच उमगलं तर मला विचारा, मी तुम्हाला तात्यांच्या शेडपर्यंत स्वतः घेऊन जाईन. आधी त्यांची परवानगी मात्र काढावी लागेल. दुपारी दोन ते चार ते झोपतात.

तात्या, १.२ आणि १.८ चे दोन जेट अजून माझ्याकडे आहेत, तुम्ही दिलेल्या त्याच तपकिरीच्या डबीत, त्या चांदीच्या कागदात गुंडाळलेले. पुढच्या रविवारी सकाळी ते परत द्यायला येतो. गाडी घेऊनच येतो. कव्हर तुम्हीच खोला, आणि कॅमवर नख तुम्हीच फिरवून बघा.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
जिप्सीवाला
सातारा