भगवा पिवळा का पडतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असो, खानापूर-निपाणीकडची लग्नं असोत, नाहीतर मंडळाच्या जुन्या कॅसेटवरून केलेली गणपतीची सीडी असो, मिक्सिंगवाल्याकडे, म्हणजे व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याकडे, तक्रार ठरलेली: ‘फेटा भगवा होता, तुमच्याकडून आला तो पिवळट.’ मग मिक्सिंगवाला सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) चढवतो, टेम्परेचरची (पिवळी-निळी झाक बदलणारी) पट्टी सरकवतो. फेटा कसाबसा जागेवर येतो, तोवर नवरीच्या तोंडावर कावीळ उतरलेली असते. पट्ट्यांना हात लावण्याआधी सॉफ्टवेअरने फाइल बरोबर वाचली का, ते बघायला हवं. पुष्कळदा फाइलमधला रंग शाबूत असतो, वाचणाराच चुकलेला असतो.

एक फ्रेम थांबवून तीन गोष्टी बघाव्यात: पांढरा सदरा, काळे केस आणि भगवा फेटा. सदरा पांढरा, केस काळे, पण फेटा आणि आंब्याच्या डहाळ्या यांचा रंग तेवढा सरकला असेल, तर दोष मॅट्रिक्सचा, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांवरून रंग काढायच्या सूत्राचा. सदऱ्यावरच पिवळी किंवा निळी झाक असेल, तर तो कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरा कशाला धरायचा ते सेटिंग) चुकलेला. तिथे टेम्परेचरची पट्टी रास्तच. केस राखाडी आणि सदरा मळकट दिसला, किंवा उलट केसांचा नुसता काळा गोळा झाला, तर रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांची हद्द, चुकली आहे. विजेच्या माळा आणि चेहऱ्याची उजळ बाजू फाटली, म्हणजे नुसती पांढरी पडली असेल, तर क्लिप बहुधा एचडीआरमध्ये (नेहमीपेक्षा जास्त उजेड-अंधार टिपणाऱ्या पद्धतीत) घेतलेली आहे.

यातली मॅट्रिक्सची भानगड सर्वांत फसवी. व्हिडिओ फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा असे सरळ आकडे सहसा नसतात. एक उजेडाचा आणि दोन रंगफरकाचे असतात. त्यांवरून रंग परत काढायचं सूत्र, म्हणजेच मॅट्रिक्स, जुन्या कमी ओळींच्या एसडी चित्राला बीटी ६०१ आणि एचडीला बीटी ७०९ असं वेगळं आहे. ६०१ मध्ये उजेडात लालचा वाटा ०.२९९, तर ७०९ मध्ये ०.२१२६. ० ते २५५ च्या मापात लाल २५५, हिरवा ११५, निळा २५ असा भगवा ६०१ ने लिहिला आणि ७०९ ने वाचला, तर हिरवा १२३ वर चढतो, निळा १९ वर उतरतो, लाल २५५ च्या छतालाच टेकून राहतो. म्हणजे फेटा पिवळ्याकडे झुकला. उलट घडलं, म्हणजे एचडीचं चित्र एसडी समजून वाचलं, तर २४२, १०६, ३० येतात आणि तोच फेटा विटकरी होतो. काळ्या-पांढऱ्यात रंगफरक शून्य, म्हणून सदरा आणि केस जागचे हलत नाहीत.

फाइलवर सूत्राची नोंद नसली, तर कित्येक सॉफ्टवेअर चित्राच्या उंचीवरून अंदाज बांधतात: ५७६ ओळींपर्यंत ६०१, त्यापुढे ७०९. जुन्या कॅसेटचं ७२० बाय ५७६ चं चित्र कुणी नुसतं ताणून १०८० केलं आणि सूत्र बदललं नाही, की घोटाळा ठरलेलाच. मीडियाइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल उघडली की प्रायमरीज (मूळ लाल-हिरवा-निळा कोणता), ट्रान्सफर (उजेडाचे आकडे कसे लिहिले), मॅट्रिक्स आणि रेंज दिसतात. मॅट्रिक्सची ओळच नसेल, तर शंका घ्यावी. एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या सॉफ्टवेअरने चित्र मोठं करताना स्केल फिल्टरला आत येणारं मॅट्रिक्स ६०१ आणि बाहेर जाणारं ७०९ असं दोन्ही सांगावं, आणि तयार फाइलवर ७०९ ची नोंदही करावी.

रेंजचं निदान वेव्हफॉर्मवर, म्हणजे चित्राचा उजेड दाखवणाऱ्या आलेखावर, होतं. नेहमीच्या व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. काही कॅमेरे आणि स्क्रीन रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर ० ते २५५ वापरतात. तळ ६ टक्क्यांच्या आसपास आणि माथा ९२ वर अडकला असेल, तर १६-२३५ ची फाइल पूर्ण रेंजची समजून वाचली जात आहे. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल्स ‘ऑटो’वरून ‘व्हिडिओ’ किंवा ‘फुल’ करावं. उलट चूक झाली, म्हणजे पूर्ण रेंजची फाइल १६-२३५ ची समजून वाचली, तर १६ खालचं आणि २३५ वरचं सगळं कापलं जातं. मूळ फाइल हाताशी असेल, तर ते परत मिळतं. तशीच एक्सपोर्ट करून मूळ पुसली असेल, तर नाही.

लग्नात पाहुण्यांच्या आयफोनवरच्या क्लिपा हमखास येतात. २०२० च्या आयफोन १२ पासून त्यात एचडीआर व्हिडिओची सोय आहे: एचएलजी ट्रान्सफर (एचडीआरसाठी उजेडाचे आकडे लिहायची एक पद्धत), बीटी २०२० प्रायमरीज (७०९ पेक्षा जास्त रंग मावणाऱ्या), १० बिट. ही क्लिप साध्या ७०९ च्या टाइमलाइनवर टाकली, की कुठे पांढरी फटक दिसते, कुठे धुतल्यासारखी. प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सीक्वेन्स (टाइमलाइन) ७०९ ठेवून ऑटो टोन मॅपिंग चालू करावं. रिझॉल्व्हमध्ये कलर स्पेस ट्रान्सफॉर्म लावून आत २०२० आणि एचएलजी, बाहेर ७०९ आणि गॅमा २.४ द्यावा. ब्राइटनेस कमी करून काम भागत नाही, चेहरे राखेसारखे होतात. शूटिंग अजून व्हायचं असेल, तर सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे जाऊन एचडीआर बंद आणि लॉक व्हाइट बॅलन्स चालू करायला सांगावं. आणि क्लिप व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवावी, नाहीतर ती पुन्हा दाबून लहान केली जाते.

मॅकवर क्विकटाइममध्ये तीच फाइल जरा फिकी दिसते. तेवढ्यावरून गडद करायला घेऊ नये, आधी दुसऱ्या प्लेअरवर आणि टीव्हीवर बघावं. टीव्हीचा ‘व्हिविड’ मोड तेवढा बंद ठेवून.

मंडळांना मात्र एक विनंती आहे. जुन्या कॅसेटांवरून मिरवणुका उतरवून घेताय, ते बरंच आहे, पण दुकानदाराकडून फक्त ‘एचडी केलेली’ फाइल घेऊन येऊ नका. कॅसेट जशी उतरली तशी ७२० बाय ५७६ ची डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) फाइलही मागून घ्या. तिला तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, म्हणजे कॅसेटा बऱ्याच असतील, तर पेनड्राइव्हऐवजी हार्ड डिस्क न्यावी लागेल. एचडीच्या प्रतीत फेटा पिवळा निघाला, तर ती फाइल वापरून सगळं नव्याने करता येतं.

आपला,
एक व्हिडिओ संपादक, शहापूर, बेळगाव