बाबांच्या जबड्याचं ऑपरेशन ठरलंय

ती. आई-बाबा, साष्टांग नमस्कार.

तारीख मी पक्की करून टाकली. आधी विचारलं असतं तर बाबा, "कवळी आहे की" म्हणून तुम्ही विषयच मिटवला असता. रागावू नका.

दाढ काढली की तिथलं हाड झिजतं. पहिल्या 12 महिन्यांत रुंदी जवळपास निम्मी होते, त्यातली बरीचशी तर पहिल्या 3 महिन्यांतच जाते. तुमच्या स्कॅनमध्ये खालचं हाड इतकं निमुळतं दिसतंय की इम्प्लांट, म्हणजे पक्का दात बसवायला हाडात रोवायचा स्क्रू, त्यात टिकणारच नाही. म्हणून आधी तिथलं हाड वाढवायचं, ऑपरेशन त्याचंच आहे. कवळी सैल होऊन घासते तीही त्यामुळेच. तुम्ही बोलत नाही, पण जेवण अर्धवट सोडता हे आई सांगते मला.

आई, मामाच्या वेळेसारखं कंबरेचं हाड काढणार नाहीत. बाबांच्या हातातून थोडं रक्त घेऊन लगेच यंत्रात फिरवतात. गोठू नये म्हणून त्यात काहीही घालत नाहीत, त्यामुळे मधल्या थरात फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या धाग्यांची, पिवळसर गाठ तयार होते. तेच पीआरएफ. त्यातून वाढीला चालना देणारे घटक पुढचे काही दिवस हळूहळू सुटत राहतात, आणि तेही हाड हवंय नेमकं तिथेच. सोबत कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे घालतील, जागा धरून ठेवायला. प्राण्याच्या हाडाची भुकटी नको, हे तुझं म्हणणं मी डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगितलं.

हाड वाढवणारं याहून जोरकस एक प्रथिन आहे, बीएमपी-2. कोलॅजनच्या स्पंजात भिजवून ठेवतात. अमेरिकेत 2007 पासून जबड्याच्या काही शस्त्रक्रियांसाठी त्याला मान्यता आहे. पण त्याने सूज फार येते, आणि बाबांना तेवढा त्रास द्यायला माझं मन धजेना. पीआरएफने हिरडी लवकर भरून येते. हाडाच्या बाबतीत निकाल कमी-जास्त असतात, हे डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितलंय. तरीही मला हेच पटलं.

भूल फक्त जबड्यापुरती. मी शेजारीच बसेन. माझा दुधाचा दात हलत होता तेव्हा बाबा, रात्रभर तुमचा अंगठा माझ्या मुठीत होता. या वेळी माझा हात तुमच्या मुठीत.

आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हृदयाचे डॉक्टर सांगतील तसंच. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट याच आठवड्यात काढा, साखर जास्त असेल तर तारीख पुढे ढकलू. तंबाखू पूर्ण बंद, "एक चिमूट"सुद्धा नाही. नंतर काही दिवस जोरात चुळा भरायच्या नाहीत, स्ट्रॉने प्यायचं नाही, मऊ आणि गार खायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल सुजेल, आई, घाबरू नकोस. हाड भरायला चार-सहा महिने लागतात, तोवर कवळी डॉक्टर म्हणतील तेव्हाच लावायची.

औषधांची सगळी पाकिटं एका पिशवीत भरून ठेव, मी शुक्रवारी येतेय.

तुमची,
छकुली